मिल टाळून कार्बाइड होतं का?

"कार्बाइडच्या कणांवर कोबाल्ट आधीच चढवला, की बॉल मिलचा, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या पिंपाचा, इतका वेळ वाचतो. मग सगळेच तसं का करत नाहीत?" टूलिंगच्या धंद्यातली मंडळी मला हे हमखास विचारतात. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कठीण कण कोबाल्ट धातूने जोडून केलेला, हत्यारांसाठीचा माल. इन्सर्टवरचा, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसणाऱ्या कार्बाइडच्या तुकड्यावरचा, सोनेरी थर इथे अभिप्रेत नाही. तो तयार मालावर शेवटी बसतो. प्रश्न आहे तो पावडरीचा.

1923 साली बर्लिनमध्ये कार्ल श्र्योटरने ओस्राम या दिव्यांच्या कंपनीसाठी या मालाचं पेटंट घेतलं. आजही बहुतेक ठिकाणी टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट एकत्र दळूनच मिसळतात. पण मिल नुसतं मिसळत नाही, कणही फोडते. फुटलेला बारीक चुरा भट्टीत पातळ कोबाल्टमध्ये विरघळतो आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतो. मोठे आणखी फुगतात. मुद्दाम निवडून आणलेल्या एकसारख्या कणांची वाट लागते ती इथे.

स्वीडनच्या सँडविक या हत्यारांच्या कंपनीने 1990च्या दशकात यावर छान तोड काढली. मिथेनॉलमध्ये कोबाल्ट ॲसिटेट विरघळवायचं, ट्रायइथेनॉलअमीन घालायचं, त्यात कार्बाइड ढवळत मिथेनॉल उडवून लावायचं आणि उरलेली पावडर तापवून हायड्रोजनमध्ये क्षपण करायचं. कणावर धातूचा कोबाल्ट उरतो. पुढे दळण नाही. प्रेससाठी वंगण मिसळलं की झालं.

मग घोडं अडतं कुठे? मिथेनॉल आणि हायड्रोजन सांभाळण्याचा खर्च आहेच, पण खरा त्रास कार्बनचा. टंगस्टन कार्बाइडमध्ये तो वजनाने 6.13 टक्के हवा, आणि इकडेतिकडे सरकायला जागा फारच थोडी. सेंद्रिय रसायनं जळताना थोडा कार्बन मागे ठेवू शकतात. उलट कोबाल्टचा हा बारीक लेप हवेतला ऑक्सिजन धरतो, आणि भट्टीत तो ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघताना मालातला कार्बन घेऊन जातो. कार्बन जास्त झाला तर ग्रॅफाइट सुटतं, कमी पडला तर ईटा फेज, म्हणजे टंगस्टन, कोबाल्ट आणि कार्बनचं ठिसूळ संयुग, तयार होते. पॉलिश केलेल्या नमुन्यावर मुराकामीचं द्रावण (पृष्ठभाग कोरून आतली रचना दाखवणारं रसायन) काही सेकंद ठेवा; ईटा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी-तपकिरी डाग लगेच उठतात. ते दिसले की बॅच घेणाऱ्याचा चेहरा बघवत नाही.

सिंटरिंग, म्हणजे दाबलेली पावडर भट्टीत तापवून घट्ट करणं, मात्र नेहमीसारखंच. शुद्ध कोबाल्ट 1495 अंशांना वितळतो, पण टंगस्टन आणि कार्बन विरघळले की 1300च्या आसपासच द्रव दिसू लागतो. भट्टी साधारण 1400 अंशांवर नेतात. तुकडा प्रत्येक बाजूने 17 ते 20 टक्के आकसतो. लेपाच्या पावडरीत कोबाल्ट आधीच कणाकणावर असल्याने त्याची तळी साचण्याची भीती कमी.

माझं मत विचाराल तर खडक फोडणाऱ्या बिटांसाठी, जिथे जाड आणि एकसारखा कण हवा, तिथे हा खटाटोप करावा. रोजच्या टर्निंगच्या इन्सर्टसाठी मिलच बरी. आणि तरीही लेपाची पावडर मागवलीच, तर पुरवठादाराकडून भावाआधी ऑक्सिजनचा आकडा मागा, आणि पहिली भट्टी लावण्याआधी, जाणारा कार्बन भरून काढायला काजळी किती घालायची याचा हिशेब त्यावरूनच करा.