आवक रजिस्टरातला लाल रकाना

ठाणे–बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या नवी मुंबईच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रातल्या एका रस्त्याच्या सुधारणेचा आराखडा करण्याचे काम आमच्या सल्लागार कार्यालयाकडे आले, तेव्हा त्याचे उत्तर कामाच्या कागदपत्रांत जवळजवळ लिहूनच आले होते. चार पदरी रस्ता सहा पदरी करायचा, आड येणारी झाडे हलवायची, उरलेल्या जागेत पदपथ बसवायचा आणि शेवटी उद्योजकांशी व नागरिकांशी ‘संवाद’ साधल्याचा अहवाल जोडायचा. या शेवटच्या कलमाकडे आमच्या व्यवसायात बहुधा चहा-बिस्किटांचा खर्च म्हणूनच पाहिले जाते. कायद्याचीही त्यात फारशी सक्ती नसते. विकास आराखड्यातले आरक्षण किंवा रस्त्याची आखणी बदलायची असेल, तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि सुनावणीही घ्यावी लागते. मात्र आहे त्या हद्दीतच रस्त्याची फेररचना करायची असेल, तर लोकांना विचारायचे की नाही हे काम करून घेणाऱ्याच्या मर्जीवर राहते. आमच्या रस्त्याची हद्द बदलणार नव्हती.

रुंदीकरणाच्या मागणीला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. चौकांत कॅमेरे लावून दर पंधरा मिनिटांची वाहनसंख्या आम्ही काढली होती आणि नेहमीप्रमाणे तिचे पीसीयूमध्ये, म्हणजे मोटारीच्या मापात, रूपांतर केले होते. सकाळी साडेआठ ते साडेदहा या वेळेत रस्ता आपल्या क्षमतेच्या कितीतरी खाली वाहने पुढे सोडत होता, तरीही मागे रांगा लागत होत्या. आकडे नीट वाचणाऱ्याला हे खटकायला हवे, कारण मागणी जास्त असेल तर रस्ता आधी भरून वाहतो आणि मग तुंबतो. हा तर भरून वाहतच नव्हता. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत याचे स्पष्टीकरण आहे. तिच्यानुसार दुतर्फा वाहतुकीचा दोन पदरी रस्ता, त्यावर थेट उघडणारी दारे आणि उभी वाहने नसतील, तर तासाला १५०० पीसीयू वाहून नेतो. दारे, उभी वाहने आणि आडवी ये-जा असेल, तर तोच रस्ता ९०० वर येतो. रुंदी तीच राहते, बदलतो तो कडेचा वापर. आमच्या रस्त्याच्या कडेला काय चालले आहे हे चौकातल्या कॅमेऱ्यांना दिसत नव्हते, आणि ठेकेदाराच्या सर्वेक्षणात ‘अनधिकृत पार्किंग’ एवढाच शब्द होता.

संवादाच्या बैठका एकाच दिवशी दोन ठेवल्या होत्या. सकाळी उद्योजक संघटनेच्या सभागृहात कारखानदार व वाहतूकदार, आणि संध्याकाळी जवळच्या एका शाळेत कामगार, रिक्षाचालक व वस्तीतले रहिवासी. असे दोन गट वेगळे ठेवण्याची पद्धतच पडून गेली आहे. मालकांसमोर कामगार बोलत नाहीत हे तिचे सांगितले जाणारे कारण आणि भांडणे होत नाहीत हे खरे कारण. त्या दिवशी दुपारी शाळेने परीक्षेमुळे वर्ग देता येणार नाही असे कळवले. संघटनेच्या सचिवांनी आपलेच सभागृह संध्याकाळीही उघडे ठेवतो म्हणून सांगितले आणि चावी त्यांच्याकडेच असल्यामुळे ते स्वतः मागच्या खुर्चीत बसून राहिले.

सकाळची बैठक अपेक्षेप्रमाणे झाली होती. भिंतीवर रस्त्याचा मोठा नकाशा लावला होता आणि जिथे त्रास होतो तिथे प्रत्येकाने लाल टिकली चिकटवायची होती. वजनकाट्यापासून पुढच्या वळणापर्यंतचा तुकडा तासाभरात लालभडक झाला. ‘‘मॅडम, बाहेरच्या गाड्या येऊन आमच्या दारात लागतात,’’ असे एका रसायन कारखान्याचे मालक म्हणाले, ‘‘माझा कंटेनर आत वळायला वीस-वीस मिनिटे लागतात. टोइंग लावा, नाहीतर रस्ता रुंद करा, काहीतरी एक करा.’’ टाळ्या पडल्या. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे १२ मीटरहून अधिक लांबीचा डबा, त्यापुढे ओढणारी गाडी. समोरच्या कडेला एक ट्रक जरी उभा असला तरी तो फाटकात एका दमात वळू शकत नाही, त्याला मागे-पुढे करावे लागते आणि तेवढा वेळ चारही पदर बंद राहतात. त्यांचा त्रास खरा होता.

संध्याकाळी नकाशा बदलायला वेळच मिळाला नाही. सकाळचा, टिकल्या लावलेलाच, भिंतीवर राहिला. आलेल्यांत बायका बऱ्याच होत्या. एका औषध कंपनीत पॅकिंगला असलेल्या ताई उठून नकाशाजवळ गेल्या, स्टेशनपासून बोट फिरवत आल्या आणि वजनकाट्याच्या अलीकडे थांबल्या. ‘‘इथून पुढं आम्ही रस्त्यावरून चालतो. फूटपाथ आहे, पण त्याच्यावर ट्रकचं चाक असतं, आणि ट्रकच्या आडून मागून येणारी गाडी दिसत नाही. सकाळी सातच्या पाळीला थंडीत तर अजून उजाडलेलंही नसतं.’’ मग जरा आवाज उतरवून त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ड्रायव्हर लोकांना जायला जागा नाही म्हणून गटाराच्या कडेने बायकांना चालवत नाही. त्यांची टिकली सकाळच्या टिकल्यांच्या थरावरच बसली.

स्टेशनाचा उल्लेख इथे महत्त्वाचा आहे. हे क्षेत्र वसवणारी एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये, आणि इथल्या रस्त्यांची मूळ आखणी झाली ती कामगार कंपनीच्या बसने येईल किंवा शेजारच्या गावातून सायकलवर येईल या हिशेबाने. ठाणे–वाशी रेल्वे प्रवाशांसाठी सुरू झाली २००४ मध्ये. त्यानंतर रोज सकाळी स्टेशनातून डोंगराच्या दिशेने चालत निघणारा जो लोंढा तयार झाला, त्याचा विचार त्या रस्त्यांच्या छेदात, म्हणजे रुंदीच्या वाटणीत, कुठेच नव्हता, आणि पीसीयूच्या तक्त्यात पायी चालणाऱ्याला रकानाच नसल्यामुळे नंतरच्या मोजण्यांतही तो आला नाही.

यानंतर एक रखवालदार काका उठले. त्यांची पाळी नुकतीच सुटली होती, गणवेश अंगावर तसाच होता. नकाशावरच्या लाल पट्ट्याकडे हात करून ते म्हणाले, ‘‘मॅडम, या गाड्या बाहेरच्या न्हाईत. आमच्याच हायेत. सगळ्या लिवलेल्या हायेत माझ्याकडं.’’

मागच्या खुर्चीतून सचिवांनी विचारले, ‘‘कुठल्या गेटवर असता तुम्ही?’’ काकांनी कंपनीचे नाव सांगितले. ती सचिवांचीच कंपनी होती. कोणीतरी हसले, पण सचिवांनी चिडून उत्तर देण्याऐवजी फोन लावला आणि आवक रजिस्टर मागवून घेतले, हे मी त्यांच्या मोठेपणाच्या खात्यावर जमा करते. दुसरा कोणी असता तर सभा तिथेच उधळली असती.

पाऊण तासात एक मुलगा स्कूटरवरून रजिस्टर घेऊन आला. कापडी पुठ्ठ्याचे, लांबट, कोपरे झिजलेले. छापील रकाने नेहमीचे: अनुक्रमांक, गाडी नंबर, चलन नंबर, पार्टीचे नाव, माल, आत वेळ, बाहेर वेळ, सही. पण प्रत्येक पानाच्या उजव्या समासात पट्टीने एक उभी रेघ मारून काकांनी आणखी एक रकाना तयार केला होता आणि त्यात लाल बॉलपेनने वेळ लिहिली होती. ही गाडी प्रत्यक्ष येऊन बाहेर उभी राहिल्याची वेळ. ती लिहायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. ट्रान्सपोर्टवाले हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे मागतात, चालक म्हणतो मी पहाटेपासून उभा आहे, कंपनी म्हणते तू दहाला आलास, आणि भांडण शेवटी रखवालदाराच्या डोक्यावर येते. म्हणून स्वतःच्या बचावासाठी ते लिहीत आले होते. मी व माझा सहकारी त्या टेबलावरच पाने उलटत बसलो. लाल रकान्यात पाच, सव्वापाच, पावणेसहा. ‘आत वेळ’ या रकान्यात दहा दहा, दहा पंचवीस, अकरा. पानामागून पान तेच. कुठल्याही कॅमेऱ्याने आम्हांला दिली नसती अशी ही माहिती होती, आणि ती पैसे न मोजता मिळत होती.

कारण विचारत गेल्यावर साखळी उलगडली. ठाणे शहरातून अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मनाई असते. भिवंडीच्या गोदामांकडून येणारा ट्रक त्यामुळे उजाडण्यापूर्वीच शहर ओलांडतो; उरणच्या बाजूने, बंदरातून येणारा ट्रेलरही दिवसा अडकायला नको म्हणून रात्रीच निघतो. दोघेही पहाटे इथे पोहोचतात. कारखान्याचे फाटक मात्र मालासाठी दहाला उघडते, कारण स्टोअर्सचा माणूस साडेनऊला येतो, नमुना तपासणारा त्यानंतर, आणि तपासल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही असा दर्जा-नियंत्रणाचा दंडक. एका ठिकाणची वाहतूक सुरळीत ठेवणारा नियम आणि दुसऱ्या ठिकाणचा माल सुरक्षित ठेवणारा नियम, दोन्ही आपापल्या जागी योग्य, आणि त्यांच्यामधले पाच तास आमच्या रस्त्याच्या डाव्या पदरावर आणि पदपथावर उभे. पहिल्या पाळीचे आणि जनरल शिफ्टचे कामगार नेमके त्याच पाच तासांत चालत जातात. रस्ता सहा पदरी केला असता, तर दोन्ही बाजूंचे वाढीव पदर या गाड्यांनीच व्यापले असते, याबद्दल त्या संध्याकाळनंतर माझ्या मनात शंका उरली नाही.

पुढची चर्चा सोपी नव्हती. सचिवांनी सकाळच्या गटातल्या काहींना फोन करून बोलावून घेतले होते. मोठ्या कंपन्यांना स्टोअर्स सातला उघडणे परवडते. वीस माणसांच्या कारखान्याला त्यासाठी वेगळा माणूस ठेवणे परवडत नाही. स्थानिक वाहतूकदार म्हणाले, ‘‘गाडी उभी करायला अधिकृत जागा द्या, आम्ही एक चाक रस्त्यावर ठेवणार नाही, पण नुसता दंड लावलात, तर भाडे वाढेल आणि ते यांच्याच बिलात येईल.’’ मला यातले सगळ्यांत पटलेले म्हणणे रिक्षावाल्या भाऊंचे होते. ट्रक हलवले तर रिकामी झालेली कड दुसऱ्याच दिवशी मोटारींनी भरेल, असे ते म्हणाले. तेव्हा कडेची रचनाच अशी करा की तिथे उभे राहता येऊ नये.

नव्या मसुद्यात आम्ही चार पदर तसेच ठेवले. वजनकाट्याजवळ, रस्त्याच्या मुख्य प्रवाहाबाहेर, सलग ट्रक थांबा आखला आणि त्याच्या टोकाला चालकांसाठी शौचालय व पाणी मागितले. पदपथ किमान अडीच मीटर मोकळ्या रुंदीचा, म्हणजे पदपथांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत व्यापारी भागासाठी सांगितलेला, कडेची उंची १५० मिलिमीटरपर्यंत, आणि मोकळ्या कडेवर खांबांची ओळ. कोपऱ्यांवर मात्र बराच काथ्याकूट झाला. ट्रेलरला मोठी गोलाई लागते. पण कोपरा तेवढा मोठा केला की मोटारी वेग न घटवता वळतात आणि ओलांडणाऱ्याला जास्त अंतर चालावे लागते. शेवटी गोलाई लहान ठेवून आतल्या बाजूला खडबडीत दगडी पट्टा सुचवला, ज्यावर ट्रेलरचे मागचे चाक चढू शकते आणि मोटारवाल्याला चढावेसे वाटत नाही. पाण्याच्या वाहिन्या, उच्चदाब केबल आणि सांडपाण्याची नळी नेमकी कुठून जाते हे चाचणी खड्डे खणल्यावर कळेल. तोवर थांब्याची जागा नकाशावर तुटक रेषेनेच दाखवली आहे.

सहा पदरांचा पर्याय अहवालातून काढता आला नाही, कारण मंजुरी त्याच शीर्षकाखाली आहे; तो आता पर्याय दोन म्हणून, दोन्हींच्या खर्चाच्या आणि तोडाव्या लागणाऱ्या झाडांच्या तुलनेसह मागे जोडला आहे. काही मोठ्या कंपन्यांनी मालाचे फाटक सातला उघडायला सुरुवात केली आहे. लहान कारखान्यांनी चार-पाच जणांत मिळून सकाळसाठी एक स्टोअरकीपर ठेवण्याची कल्पना काढली, पण नमुना तपासण्याची जबाबदारी कोणाची यावर ती अडली आहे. काकांचा समासातला रकाना संघटनेने सगळ्यांच्या नव्या रजिस्टरांत छापून घ्यायचे ठरवले. त्यापुढे सही चालकाची असावी की रखवालदाराची, याबद्दल वाहतूकदार आणि कंपन्या यांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे, कारण हॉल्टिंगचे पैसे त्या सहीवर ठरणार आहेत.