तुम्ही विचारलंत म्हणून: लेक्सिंग्टनचा कॅप्टन पार्कर

उन्हाळ्यात भारतातून कुणी आलं की बॉस्टनजवळ राहणारे आम्ही लोक त्यांना हमखास लेक्सिंग्टनला नेतो. गावाच्या मधोमध त्रिकोणी हिरवळ आहे आणि तिच्या एका टोकाला दगडांच्या ढिगावर हातात बंदूक घेतलेला तरणाबांड गडी उभा आहे. फोटो काढून झाले की प्रश्न येतोच, "हाच का तो कॅप्टन पार्कर? कोण होता हा?" तिथे उभ्या उभ्या सांगायला वेळ कमी पडतो, म्हणून एकदाचं नीट लिहून काढते.

पहिली गोष्ट, पुतळ्यातला चेहरा पार्करचा नाही. हेन्री हडसन किटसन या शिल्पकाराने 1900 साली हा पुतळा केला. जॉन पार्करचं चित्र त्याच्या हयातीत कुणी काढलंच नव्हतं. पुतळ्यातला गडी विशीतला आणि धडधाकट दिसतो. 19 एप्रिल 1775 च्या पहाटे, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली तेव्हा, त्या हिरवळीवर उभा असलेला खरा पार्कर पंचेचाळीस वर्षांचा होता आणि क्षयाने पोखरलेला होता. पाच महिन्यांनी तो गेला. मला तो जवळचा वाटतो तो यामुळेच.

पार्करचा जन्म 1729 चा. शेती करायची आणि जोडीला गाड्यांची चाकं घडवायची, हा त्याचा धंदा. घर हिरवळीपासून दोन-अडीच मैलांवर, आजच्या स्प्रिंग स्ट्रीटच्या बाजूला. 1755 मध्ये लिडिया मूरशी लग्न झालं आणि त्यांना सात मुलं झाली. त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगाव मिलिशिया असे. हे पगारी सैन्य नव्हतं. सोळा ते साठ वयाच्या पुरुषांनी आपापली ठासणीची बंदूक घेऊन कवायतीला यायचं आणि पुढारी आपल्यातूनच निवडायचा, अशी रीत होती. लेक्सिंग्टनच्या लोकांनी पार्करला कॅप्टन केलं. त्याच्या हाताखाली जमणाऱ्यांत कितीतरी जण त्याचे सगेसोयरे आणि बाकीचे शेजारीपाजारी. हुकूम द्यायचा तो चुलतभावाला, ज्याच्याशी उद्या बांधावर गाठ पडणार त्याला.

त्या रात्री सुमारे सातशे ब्रिटिश सैनिक बॉस्टनहून लेक्सिंग्टनच्या पुढच्या कॉन्कॉर्ड गावाला निघाले होते. तिथे वसाहतीतल्या लोकांनी साठवलेला दारूगोळा त्यांना ताब्यात घ्यायचा होता. रात्री एकच्या सुमाराला पार्करने माणसं बोलावली. बराच वेळ कुणी आलं नाही, थंडी होती, म्हणून त्याने त्यांना पांगवलं, पण हाकेच्या अंतरावर राहायला सांगितलं. काही घरी गेले, बरेच जण हिरवळीसमोरच्या बकमन टॅव्हर्न या खाणावळीत शेकत बसले. पहाटे फौज अगदी जवळ आल्याची खबर मिळाली तेव्हा ढोल वाजला आणि सत्तर-पंचाहत्तर माणसं दोन रांगांत उभी राहिली.

हिरवळीवरच्या शिळेवर पार्करचे म्हणून जे शब्द कोरले आहेत, त्यांचा आशय असा: जागा सोडू नका, त्यांनी गोळी झाडल्याशिवाय झाडू नका, पण त्यांना युद्धच हवं असेल तर ते इथूनच सुरू होऊ दे. ऐकायला भारदस्त आहे. पण हे शब्द कागदावर आले ते कितीतरी वर्षांनी, जुन्या माणसांच्या आठवणीतून. लढाईनंतर सहाच दिवसांनी पार्करने स्वतः दिलेली जबानी मात्र उपलब्ध आहे. तो म्हणतो की, काय करायचं ते ठरवायला आम्ही जमलो होतो. त्यांनी आगळीक केल्याशिवाय त्यांच्या वाटेला जायचं नाही असं ठरलं. ते एकदम अंगावर आले तेव्हा मी लगेच माणसांना पांगायला सांगितलं आणि गोळी झाडू नका म्हणून सांगितलं. पहिली गोळी ब्रिटिशांनी झाडली हे जगाला दाखवण्यासाठी अशा जबान्या मुद्दाम घेतल्या गेल्या होत्या, हेही खरं. तरी मला शिळेपेक्षा ही जबानीच खरी वाटते. शेकडो सैनिकांसमोर सत्तर माणसं, आणि त्यातला प्रत्येक जण ओळखीचा. अशा वेळी "पांगा" म्हणणारा माणूस मला भित्रा वाटत नाही. त्याला घरी परत न्यायची माणसं दिसत होती.

गोळ्या सुटल्याच. पार्करच्या बाजूची आठ माणसं मेली, दहा जखमी झाली. पार्करचा चुलतभाऊ जोनास याने म्हणे मी पळणार नाही अशी शपथ घेतली होती. गोळ्या आणि बंदुकीचे गारगोटीचे दगड टोपीत घालून ती टोपी त्याने पायाशी ठेवली. गोळी लागून तो खाली पडला, तशातही बंदूक पुन्हा ठासत होता, तेवढ्यात त्याला संगिनीने भोसकलं. जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा काळा माणूसही होता. तो गावातल्याच एका घराचा गुलाम होता. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी त्याने खांद्यावर गोळी झेलली. त्याला स्वतःला स्वातंत्र्य मिळालं ते युद्ध संपताना. त्याच्या नावाचा दगड बकमन टॅव्हर्नसमोर आहे. बहुतेक पाहुणे तो न बघताच पुढे जातात, म्हणून मी मुद्दाम तिथे थांबवते.

सकाळी आठ जण डोळ्यांसमोर गेल्यावर पार्करने उरलेल्यांना पुन्हा गोळा केलं. काहींच्या जखमा बांधलेल्या होत्या. गावाच्या पश्चिम शिवेवर, शेजारच्या लिंकन गावाच्या हद्दीला लागून एक खडकाळ, झाडीचा उंचवटा आहे. कॉन्कॉर्डहून परतणारी फौज तिथून जाणार होती. तिथे दबा धरून त्यांनी गोळ्या झाडल्या. ही जागा आता राष्ट्रीय उद्यानात आहे आणि अलीकडे पुरातत्त्वज्ञांनी तिथली जमीन शोधून दोन्ही बाजूंच्या शिशाच्या गोळ्या वर काढल्या. कोण कुठे उभा होता ते त्यावरून बऱ्यापैकी कळतं. दुपारच्या या चकमकीला लोक 'पार्करचा सूड' म्हणतात. पहाटे माणसं वाचवायला पांगा म्हणणारा आणि दुपारी त्याच माणसांना घेऊन परत फिरणारा पार्कर एकच होता.

जूनमध्ये तो तुकडी घेऊन केंब्रिजपर्यंत गेला, पण बॉस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत उतरण्याएवढं बळ अंगात राहिलं नव्हतं. 17 सप्टेंबर 1775 ला तो वारला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायला अजून नऊ महिने होते. म्हणजे ज्या देशाच्या गोष्टीत त्याचं नाव पहिल्या पानावर येतं, तो देश त्याने पाहिलाच नाही.

मागे राहिली लिडिया, पदरात सात मुलं आणि समोर सुगीचे दिवस. खडकाळ जमीन, नांगरताना दर वर्षी नवे धोंडे वर येणार. मुलांपैकी जॉन तेव्हा चौदा वर्षांचा होता. हाच पुढे त्या शेतावर राहिला, बापासारखीच शेती आणि यंत्रांची, लाकडाची कामं केली. लिडियाने बरंच आयुष्य पाहिलं. म्हातारपणी ती त्याच घरात राहायची आणि जॉनच्या धाकट्या मुलाला, थिओडोरला, ती चांगली आठवत होती.

हा थिओडोर 1810 साली जन्मला. बोरांसारखी रानफळं विकून त्याने आपलं पहिलं पुस्तक, लॅटिनचा शब्दकोश, विकत घेतलं. हार्वर्डची प्रवेश परीक्षा पास झाला, पण फी भरायला पैसे नव्हते, म्हणून घरी शेतावर काम करत अभ्यास केला. पुढे तो मोठा धर्मोपदेशक झाला आणि गुलामगिरीविरुद्ध निर्भीडपणे उभा राहिला. 1850 मध्ये पळून आलेल्या गुलामांना पकडून परत द्यायचा कायदा झाला. विल्यम आणि एलेन क्राफ्ट हे जॉर्जियातून निसटून आलेलं जोडपं त्याच्या चर्चच्या मंडळीत होतं आणि त्यांना पकडायला माणसं बॉस्टनमध्ये आली होती. थिओडोरने त्यांचं रीतसर लग्न लावलं आणि विल्यमच्या हातात बायबल आणि एक मोठा सुरा, दोन्ही दिलं. मग राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की लेक्सिंग्टनला आजोबांनी चालवलेली बंदूक आणि त्या दिवशी त्यांनी ब्रिटिश सैनिकाकडून घेतलेली बंदूक माझ्या खोलीत टांगलेल्या आहेत. माझ्या माणसांना गुलामीपासून वाचवायला मी मागे सरलो तर त्या मी फेकून द्यायला हव्यात. प्रिन्स एस्टाब्रुकच्या बाबतीत आजोबांच्या पिढीने जे अर्धवट सोडलं होतं, ते नातवाने असं हाती घेतलं.

महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. फुल्यांनी तिथे कुणाचं नाव घेतलेलं नाही. पण ती अर्पणपत्रिका वाचताना माझ्या मनात त्या लोकांमध्ये थिओडोर पार्कर असतोच.

क्षयाने या घराची पाठ सोडली नाही. थिओडोरची भावंडं त्याने गेली आणि 1860 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला थिओडोरही त्यानेच गेला. दोन्ही बंदुका त्याने मॅसॅच्युसेट्स राज्याला देऊन ठेवल्या. बॉस्टनच्या स्टेट हाउसमध्ये, सिनेटच्या सभागृहात त्या लावलेल्या आहेत. कामाच्या दिवशी गेलात तर तिकीट काढावं लागत नाही.