कुसुमाग्रजांची अटक

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनी, आमच्या मंडळात मुलांची प्रश्नमंजूषा असते. नातीचं नाव मीच घातलं, त्यामुळे तयारीही माझ्याच गळ्यात. रात्रीची जेवणं आटोपली की टेबलावर लिल्या चेवड्याची, म्हणजे बडोद्याच्या किसमिस घातलेल्या ओलसर चिवड्याची वाटी आणि कवींच्या टोपणनावांची वही.

पहिल्याच दिवशी इराने विचारलं, "आजी, कुसुमाग्रजांची अटक काय?"

पुण्याहून आलेले भाऊजी पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "त्यांना कधी झाली अटक?"

आता आडनावाला गुजरातीत अटक म्हणतात, आणि बडोद्यातल्या मराठी घरांत ती कधी शिरली हे कुणालाच आठवत नाही. भाऊजींचं काही समाधान झालं नाही.

वहीतलं उत्तर सोपं होतं: विष्णु वामन शिरवाडकर. तिथे थांबायला हवं होतं. पण मी सांगून बसले की जन्माचं नाव गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले.

"मग खरं नाव कुठलं?"

"मंडळवाले मागतील ते."

कुसुम ही त्यांची एकुलती एक बहीण, म्हणून हे कुसुमाग्रज, म्हणजे कुसुमचे थोरले भाऊ. गडकऱ्यांचा धाकटा भाऊ गोविंद, म्हणून ते गोविंदाग्रज. कृष्णाजी केशव दामल्यांनी वडलांचं नाव घेतलं आणि केशवसुत झाले. जगाला आपली ओळख सांगताना धाकट्या भावंडाचं नाव पुढे करायचं, हे मला फार गोड वाटतं. आमच्या घरात धाकट्यांची नावं निघतात ती तक्रार करताना. (कवी 'बी' म्हणजे बियाणं, असं मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होते. ती इंग्रजीतली मधमाशी निघाली.)

वहीत एकजण थेट आमच्या गावचे. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, १८९४ साली बडोद्यात जन्मले. त्यांच्या वाट्याला एवढीच एक ओळ. खरं तर हा माणूस फारसीचा प्राध्यापक. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश काढला, मराठीत गझल रुजवली, 'गज्जलांजलि' लिहिली. आणि पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कैवारी झाले. तांदळातले खडे निवडावेत तसे मराठीतले परके शब्द वेचायला बसले. स्वतःच्या नावातला जूलियन मात्र तसाच राहिला.

इराने थोडा विचार केला. "म्हणजे त्यांना माझी अटक चालली नसती."

भाऊजी पेपरामागे हसले.

दुसऱ्या दिवशी वहीच्या कव्हरावर तिचं नाव खोडलेलं दिसलं. खाली जाड स्केचपेनने लिहिलं होतं, 'ओमाग्रजा'. तिच्या धाकट्या भावाला, ओमला, मी अर्थ फोडून सांगितला. त्याने वाटीत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मग माझ्या वाटणीची किसमिस कुणी खाल्ली?"