टाटा १२१०: सकाळच्या स्टार्टिंगचा त्रास, अर्थिंग आणि एअर

या गाडीच्या ब्रेकचं काम आधीच झालं, आता स्टार्टिंग. गाडी म्हणजे शाळेची जुनी बस, टाटा १२१०, आत ६९७ इंजिन (सहा सिलिंडर, ९७ चा बोअर, म्हणून ६९७, स्ट्रोक १२८). दिवसा कितीही वेळा बंद करा, नुसत्या सेलच्या (स्टार्टर मोटरच्या) स्पर्शाने उठते. रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटऱ्या बसेपर्यंत सेल मारा, ढिम्म. एकदा उठली की मग दिवसभर तक्रार नाही.

कुठल्याही गॅरेजात विचारा, उत्तर ठरलेलं: डिझेल पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा) काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवून घ्यायला, टाका. पण पंप गेला असता तर गाडी गरम असतानाही कुरकुरली असती, आणि ही चढावर व्यवस्थित ओढते. आमच्यासोबत डेपोतून निवृत्त झालेले एक फिटर काका असतात. ते म्हणाले, "पंपाला हात लावू नगा, आधी सायलेन्सर बघा."

सेल फिरताना सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, म्हणजे दोष कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग). आमच्याकडे धूरच नव्हता. फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप) हँडपंप घट्ट लागेपर्यंत मारला आणि गाडी लगेच उठली. म्हणजे रात्रीत लाइनमध्ये एअर शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं.

त्याआधी सेलचं बघून घेतलं, कारण तोही आळसावल्यासारखा फिरत होता. ६९७ डायरेक्ट इंजेक्शनचं (डिझेल थेट सिलिंडरमध्ये), सुरुवातीला तापवणारे हीटर प्लग नाहीत. हवा दाबून जेवढी तापेल तेवढीच उष्णता. सेल संथ फिरला की हवा रिंगांवाटे सुटते, उरलेली उष्णता गार लायनर खातो. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल मारला: जवळजवळ २ व्होल्ट. अर्धा व्होल्टसुद्धा खूप झाला. इंजिन ते चासी जाणारी अर्थिंगची पट्टी कधीतरी रंगाच्या थरावरच बोल्टने आवळलेली होती. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, पट्टी नवी टाकली, वरून ग्रीस. सेलचा आवाजच बदलला. तरी सकाळचा त्रास होताच, फक्त बॅटऱ्या जास्त वेळ टिकू लागल्या.

आता एअर कुठून? पहिला संशय टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूवर. तिथे पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवलं, एकही बुडबुडा नाही. इथेच बरेच जण फसतात. फीड पंपाच्या पुढची बाजू, म्हणजे फिल्टर आणि डिझेल पंपाची गॅलरी (आतली डिझेलची पोकळी), चालू गाडीत दाबाखाली असते. तिथली गळती एअर ओढत नाही, उलट थोडं डिझेल बाहेर टाकते. गाडी बंद झाली की तीच फट आत एअर घेते आणि वरचं डिझेल खाली सरकतं. त्यात फीड पंपाच्या वॉल्व्हवर कचरा असेल तर विचारायलाच नको.

मग टाकीची लाइन बाजूला काढली आणि ५ लिटरचा कॅन फिल्टरपेक्षा उंच टांगून तिथून फीड दिला. रात्रभर तसाच. डिझेल वरून येत असल्यामुळे मागे उतरायचा प्रश्न नाही, आणि जिथे फट असेल तिथून ते बाहेर पाझरणार. सकाळी पहिल्याच सेलला उठली. फिल्टरच्या डोक्यावरच्या एअर स्क्रूखाली (एअर काढायचा स्क्रू) ओला डाग, धूळ खाऊन काळा झालेला. इतके दिवस ते जुनं तेल समजून पुसत होतो सगळेच.

स्क्रूखालचा तांब्याचा वायसर चपटा होऊन कडक झालेला. कोल्हापुरात उद्यमनगरातून वायसरचा अख्खा संच आणला. फिल्टरचे, बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारे पोकळ बोल्ट) सगळे बदलले. जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला तर मऊ होतो, तात्पुरता चालतो, पण चपटा झालेला परत वापरण्यात अर्थ नाही. हात फिरलाच आहे म्हणून फीड पंपाचे दोन्ही वॉल्व्ह काढून धुतले; एकाखाली कापसाचा धागा निघाला.

आता टाकीची लाइन परत जोडली आहे. सकाळी हँडपंपाला हात न लावता उठते. उठल्यावर अर्धा मिनिट पांढरा धूर आणि एक सिलिंडर मागे पडल्याचा आवाज आहे. पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या प्रेशर पाइपचे नट एकेक करून सैल केले, चौथ्याला आवाजात फरक पडत नाही, म्हणजे मागे पडतो तो तोच. पुढची पाळी त्या नोझलची, टेस्टरवर. त्याबरोबरच टॅपेट (इंजिनच्या वॉल्व्हची फट) बघणार.