पेटीत रुतून बसलेले दगड

पटाश्या आणि रंधे हवे होते म्हणून जुन्या हत्यारांचा एक गठ्ठा घेतला. त्यात धार लावायच्या दगडांच्या तीन लाकडी पेट्याही निघाल्या. झाकणं काढली तर तिन्हींत काळाकुट्ट, चकचकीत थर. दगड कुठे संपतो नि लाकूड कुठे सुरू होतं ते कळायला मार्ग नाही.

पहिल्या पेटीची मी वाट लावली. कडेच्या फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला, जरा जोर दिला, ‘कट्’ आवाज आला. दगड सुटला म्हणून खूश झाले, तर सुटली होती पेटीची लांब बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. या पेट्या बहुधा एकाच ठोकळ्यात खोबण कोरून केलेल्या असतात. भिंत बोटाएवढीही जाड नसते आणि लाकडाच्या शिरा लांबीला धावतात. आडवा जोर दिला की ती उभी चिरणारच. दगड मात्र ढिम्म.

चार दिवस पेट्यांकडे बघितलंही नाही. मग बॅटरी घेऊन फटीत डोकावले. आत पुट्टी नव्हती की सरस नव्हता. धार लावताना वर्षानुवर्षं टाकलेलं तेल फटीत उतरलं होतं, त्यात लोखंडाचा कीस मिसळून त्याचं डांबर झालं होतं. म्हणजे भांडण दगडाशी नव्हतंच.

दुसऱ्या पेटीला हेअर ड्रायर लावला. सगळीकडून, हळूहळू, पेटी हाताला चांगली कोमट लागेपर्यंत. (एकदम तापवलं तर दगड तडकू शकतो.) दहाएक मिनिटांनी फटीच्या कडेला तेलाचा एक काळा मणी वर आला, फुगला आणि ओघळला. वास जुन्या शिलाई मशीनचा. पेटी उलटी धरून घडी केलेल्या टॉवेलवर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दगड तिरका सरकून अडकला. पुन्हा ऊब, पुन्हा आपट, आणि आला बाहेर. या भानगडीत जेवणाच्या टेबलावर दोन ओरखडे उमटले. पेटी घसरू नये म्हणून कुणीतरी तळाला दोन बारीक खिळे ठोकून त्यांची टोकं बाहेर ठेवली होती. आधी तळ बघायचा असतो, हे मला ओरखड्यांनी सांगितलं.

खोबणीच्या एका कोपऱ्यात चामड्याचा नखाएवढा तुकडा होता. दगड डुगडुगू नये म्हणून कुणीतरी बसवलेला. तो मी तसाच ठेवलाय.

दगड निघाला दुहेरी, कार्बोरंडमचा. (एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला १८९१ मध्ये हा पदार्थ मिळाला, तेव्हा ते कार्बन आणि कोरंडम या कठीण खनिजाचं संयुग असावं असं वाटून त्याने हे नाव दिलं. निघालं सिलिकॉन कार्बाइड. नाव राहिलं ते राहिलंच.) वरची भरड बाजू होडीसारखी खोल गेलेली, खालची बारीक बाजू जवळजवळ कोरी! पट्टी आडवी धरली तर खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. एवढी वर्षं दगड कुणी उलटलाच नव्हता.

धुणं सोपं, फक्त घाण फार. रात्रभर रॉकेलमध्ये, सकाळी जुन्या टूथब्रशने घासून, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. तिसऱ्या पाण्यापर्यंत शाईच निघत होती. खोल बाजू सपाट करायला जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड आणि पाणी टाकून घासत बसले. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या. जिथल्या रेघा पुसल्या जात नाहीत तिथे अजून खड्डा. मधली शेवटची रेघ जायला दोन संध्याकाळी लागल्या.

तिसरा पांढरट, गुळगुळीत, नैसर्गिक दगडासारखा. असले दगड काचेसारखे मोडतात, म्हणून ड्रायर नको वाटला. तीन रात्री फटीत रॉकेल सोडलं. नंतर पेटी दिवसभर उघड्यावर वाळवून तळातून दोन भोकं पाडली. ड्रिलच्या पात्याला खोलीच्या खुणेची चिकटपट्टी लावली होती, पातं दगडाला भिडू नये म्हणून. मग लाकडी दांडीने एकदा या भोकातून, एकदा त्या, हलके टोले. केसभर, केसभर करत वर आला.

पहिल्या पेटीची चीर सरस भरून शिकंज्यात आवळली. तिच्यातला दगड अजून आतच आहे. वरून रॉकेलने पुसला, पट्टी लावून पाहिली, बऱ्यापैकी सपाट आहे. पटाशीला धार त्याच्यावरच लावते.