पित्त नव्हे, अर्धशिशी

आमच्या घरात डोकेदुखीला एकच नाव होते, पित्त. उजव्या भुवईपासून सुरू होऊन कानशिलात ठणकणारे डोके, नकोसा झालेला उजेड, फोडणीच्या वासाने ढवळणारे पोट आणि उलटी झाली की वाटणारे हलके, या सगळ्याचा अर्थ पित्त डोक्यात चढले असा आजीने लावला, आईने लावला आणि कपाळावर सुंठेचा लेप थापून मीही चाळिशीपर्यंत तोच लावत आले. अर्धशिशी हा शब्द आम्हाला ठाऊक होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी आजार होता.

पुढे महिन्यातून तीन-चारदा होणारे दुखणे एक दिवसाआड होऊ लागले, तेव्हा एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल आला आणि खरे सांगायचे तर माझी निराशाच झाली, कारण इतके दुखूनही काही सापडले नाही हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचे? मेंदूविकारतज्ज्ञांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवून विचारले, ‘‘महिन्यातले किती दिवस डोके अजिबात दुखत नाही?’’ मला उत्तर देता आले नाही. त्यांनी महिनाभर नोंद ठेवायला सांगितले.

नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सुरू झाली. दुखले त्या दिवशी लाल फुली आणि गोळी घेतली तर तिच्याखाली निळी रेघ. त्याच चौकोनांत दुधाचे खाडेही मांडले जात असल्यामुळे महिनाअखेरीस नवऱ्याने माझ्या फुल्या खाडे समजून दूधवाल्याचे 18 दिवसांचे पैसे कापायला घेतले होते. त्या महिन्यात 18 फुल्या होत्या आणि 16 रेघा.

डॉक्टरांनी फुल्यांपेक्षा रेघाच मोजल्या. ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांनी साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्याचे 15 किंवा त्याहून अधिक दिवस, किंवा माझ्यासारखी कॅफीन मिसळलेली वेदनाशामक गोळी 10 किंवा त्याहून अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. वेदना हाताळणारी मेंदूतली यंत्रणा हळूहळू इतकी हळवी होते की एरवी जाणवलाही नसता असा धक्का तिला पुरतो. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या, पण अर्धशिशी नसलेल्या माणसाला सहसा असे होत नाही, हे ऐकल्यावर दोष एकट्या गोळीचा नसून ती ज्या मेंदूवर पडते त्याच्या घडणीचाही आहे, हे मला पटले.

गंमत अशी की खुद्द मेंदूला वेदना कळत नाही; म्हणूनच काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना करता येतात. दुखतात ती त्याच्याभोवतीची आवरणे आणि तिथल्या रक्तवाहिन्या, आणि ती खबर चेहऱ्याकडून येणाऱ्या ट्रायजेमिनल नसेतून पोहोचते. तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य पाझरते. अलीकडची काही महागडी इंजेक्शने तेच रोखतात. त्याही आधी, कधीकधी आदल्या दिवशीच, भूक आणि झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस चाळवलेला असतो. जांभया येतात, मान अवघडते, गोड खावेसे वाटते. मी वर्षानुवर्षे ‘गूळ खाल्ला म्हणून दुखले’ असे म्हणत होते. बहुधा दुखणे निघाले होते म्हणूनच मी गुळाच्या डब्याकडे वळत असेन.

पोटाचे म्हणाल तर आजी अगदीच चुकीची नव्हती. अर्धशिशीत पोटाचे काम मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते आणि मळमळ वाढते. आजीने फक्त क्रम उलटा लावला होता.

गोळी बंद केल्यावरचे आठ-नऊ दिवस फार वाईट गेले, आणि ते तसे जाणार हे आधी सांगितले नसते तर मी तिसऱ्याच दिवशी पाकीट उघडले असते. जोडीला रात्री अमिट्रिप्टिलीनची 10 मिलिग्रॅमची गोळी होती. हे मूळचे नैराश्यावरचे औषध आहे हे भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवले, तेव्हा घरात जी शांतता पसरली तिच्यावर वेगळे लिहावे लागेल. इतक्या कमी मात्रेत ते वेदनेसाठी देतात, हे मला सासूबाईंना दोनदा समजावावे लागले. संकष्टीचा उपास मात्र सोडावा लागला, कारण रात्रीच्या चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिले की फुली ठरलेलीच. (अचानक कडाडून उठलेले डोके, तापासह ताठलेली मान, हातापायातली कमजोरी किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर नोंदवहीच्या भानगडीत न पडता ताबडतोब डॉक्टर गाठावा.)

गेल्या महिन्यात पाच फुल्या आणि चार रेघा झाल्या. त्यातली एक फुली चुलतबहिणीच्या घरच्या बारशातली आहे, आणि तिथे ‘काय होतंय गं?’ असे काकूने विचारल्यावर मी ‘पित्त झालंय’ एवढेच म्हणाले, कारण ते तिला तत्काळ समजले आणि दोन मिनिटांत पडदे ओढलेली आतली खोली मला मिळाली.