तीन गावं, एक घंटागाडी

माणशी साठ रुपये. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी जास्तीत जास्त एवढेच मिळायचे. 5 हजारांच्या वरच्या गावाला तर माणशी 45. दीड हजार वस्तीच्या गावानं गुणाकार केला की हातात 90 हजार यायचे, आणि त्यातलाही 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. एवढ्यात घंटागाडी येत नाही. समजा कशीबशी आणली, तरी चालकाचा पगार, डिझेल आणि विमा दर महिन्याला आ वासून उभे.

मी तेव्हा सरपंच होते. शेजारच्या दोन्ही गावांचं रडगाणं हेच. एक गाव हायवेला लागून आणि आमच्यापेक्षा बरंच मोठं, दुसरं वाड्यावस्त्यांवर विखुरलेलं. तिघांनी तीन गाड्या घेतल्या असत्या तर तिन्ही आठवड्यातले चार दिवस ग्रामपंचायतीच्या आवारात धूळ खात उभ्या राहिल्या असत्या. मग एकच गाडी घेऊन वार का वाटून घेऊ नयेत? ग्रामसेवक नाही का दोन-दोन गावं सांभाळत!

कल्पना सगळ्यांना पटली. घोडं अडलं ते गाडी कुणाच्या नावावर घ्यायची यावर. आरसी बुकावर मालक एकच. बाकीच्या दोन गावांनी खरेदीत पैसे घातले, तर त्यांच्या ग्रामनिधीतून दुसऱ्याच ग्रामपंचायतीची मालमत्ता उभी राहणार आणि ऑडिटला पहिला आक्षेप तोच निघणार. पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांनी फाईल चाळून हेच विचारलं. ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमायची सोय आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आमच्या भागात तसं कुणी केलेलं नसल्यानं ठरावाचा नमुना कुणाकडेच नव्हता. आधी कुणी केलं नाही म्हटलं की कार्यालयात फाईल टेबलावरून हलत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल.

तोडगा निघाला तो साधा होता. गाडी हायवेवाल्या मोठ्या गावानं आपल्या पैशानं, आपल्या नावावर घ्यायची. आम्ही दोघांनी खरेदीत एक रुपयाही घालायचा नाही, सेवेचे पैसे मात्र दरमहा द्यायचे. आमच्या वाट्याच्या निधीतून आम्ही वर्गीकरणाची शेड बांधली, तिसऱ्या गावानं कंपोस्टचे खड्डे घेतले. ज्याची वस्तू त्याच्या नोंदवहीत. बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, साहेबांनी मान डोलावली ती इथं.

शेडच्या जागेवरून व्हायचा तो गोंधळ झाला. दुसऱ्याच्या गावचा कचरा आपल्या गायरानात का, हा प्रश्न कुठंही येणारच. शेडमध्ये फक्त सुका कचरा येईल आणि ओला परस्पर खड्ड्यांकडे जाईल, हे लेखी दिल्यावर लोक निवळले.

खरा कस लागला तो दरमहाच्या खर्चाच्या वाटणीत. लोकसंख्येवर वाटा, असं सगळ्यांच्या तोंडी आधी आलं. पण लोकसंख्या घ्यायची ती 2011 च्या जनगणनेची. शिवाय हायवेच्या गावात मंगल कार्यालयं आणि ढाबे. लग्नसराईत तिथल्या एका कार्यालयाच्या दारातच गाडी पत्रावळ्या आणि प्लास्टिकच्या ग्लासांनी काठोकाठ भरायची. उलट वाड्यांवर कचरा मूठभर, पण गाडीचं पळणं दुप्पट. एकच मोजमाप लावलं की कुणावर तरी अन्याय ठरलेला.

म्हणून खर्चाचे दोन भाग केले. पगार आणि विमा हे गाडी उभी असली तरी लागणारे खर्च, ते नमुना आठला, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नोंदलेल्या घरांच्या संख्येवर. डिझेल किलोमीटरवर. कार्यालयांसाठी जादा फेरी लागली तर तिचा खर्च हायवेच्या गावाचा. तो त्यांनी कार्यालयवाल्यांकडून घ्यायचा की आपण सोसायचा, हा त्यांचा प्रश्न.

किलोमीटरचं लॉगबुक चालकाच्या सीटमागच्या कप्प्यात असतं. गाडी हद्दीत आली की त्या गावचा शिपाई मीटर बघून आकडा टाकतो, निघताना पुन्हा टाकतो आणि सही करतो. पानं डिझेलच्या बोटांनी काळी झालेली, एकदोन आकडे खोडून वर लिहिलेले, खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या. माझ्या मते संयुक्त समितीच्या ठरावापेक्षा ही वही महत्त्वाची. महिनाअखेरीला बिल आलं की वाद घालायला कुणी येत नाही, आलाच तर वही उघडायची.

ग्रामसभेत एका आजोबांनी विचारलं, "ताई, मग घरपट्टी कमी होणार का?" नाही होणार, असं मी सरळ सांगितलं. वाचलेला पैसा पावतीवर दिसत नाही. तीन चालकांच्या जागी एक आहे आणि दोन गाड्या घ्याव्याच लागल्या नाहीत, एवढाच तो हिशेब. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला. त्यामुळे स्वच्छतेतली शिल्लक रस्त्याला वळवू म्हटलं तरी वळवता येत नव्हती. आम्ही ती सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांना लावली. आजोबांचं फारसं समाधान झालं नाही, पण ठरावाला हात त्यांनीही वर केला.

कुणी हे करायला निघालं असेल तर दोन कलमं करारात घालाच. पहिलं दुरुस्तीचं: टायर आणि क्लच प्लेट यांचा खर्च आला की सगळे एकमेकांकडे बघतात, म्हणून दरमहाच्या बिलातच थोडी रक्कम बाजूला काढायची. दुसरं बाहेर पडण्याचं. निवडणूक झाली की नवी बॉडी जुना ठराव फिरवू शकते. आमच्याकडे बाहेर पडणाऱ्यानं तीन महिन्यांची नोटीस द्यायची आणि थकबाकी आधी चुकती करायची. तिन्हीकडे सरपंच बदलले, मीही आता पदावर नाही. गाडी चालू आहे. आता ओढ्यापलीकडचं चौथं गाव मागे लागलंय, पण त्यांना घेतलं तर सहा दिवसांत वार बसत नाहीत, आणि रविवारी यायला चालक तयार नाही.